शस्त्रक्रियेनंतर घरी घ्यायचे एनॉक्सापॅरिन: टोचण्याची पद्धत, सोबतची औषधे आणि धोक्याच्या खुणा

खुब्याचे मोडलेले हाड बसवल्यानंतर किंवा गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर घरी सोडलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली बहुधा एक इंजेक्शनही लिहिलेले असते: एनॉक्सापॅरिन, ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटावर. शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते देतात. क्लेक्सेन, लोमोह अशा निरनिराळ्या नावांनी ते औषधाच्या दुकानात मिळते आणि आधीच भरलेल्या छोट्या सिरिंजमध्ये येते. घरच्या माणसांना भीती वाटते ती सुई टोचण्याची. वास्तविक ते तंत्र दोन-तीन दिवसांत हाताला बसते. खरा घोटाळा होतो तो सुईच्या आजूबाजूच्या गोष्टींत, म्हणजे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळीत, जवळच्या दवाखान्यात कमरेवर घेतलेल्या दुखण्याच्या इंजेक्शनात, दुकानात बदलून मिळालेल्या औषधात, किंवा ‘आता चालता येते, मग सुई कशाला’ म्हणून मध्येच थांबवलेल्या उपचारात. त्यामुळे पुढे टोचण्याच्या कृतीइतकीच जागा या गोष्टींनाही दिली आहे. ही माहिती प्रौढ रुग्णाला गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या प्रतिबंधक मात्रेपुरती आहे, आणि डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा किंवा दिवस तिच्या आधारे बदलू नयेत.

औषध कशासाठी आणि किती दिवस

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायातल्या खोल शिरांत रक्त गोठण्याची शक्यता तीन कारणांनी वाढते. अंथरुणावर पडून राहिल्याने पोटरीच्या स्नायूंची हालचाल थांबते आणि शिरांतले रक्त संथ होते. शस्त्रक्रियेत शिरांच्या अस्तराला इजा पोहोचते. आणि जखम भरून काढण्याच्या धडपडीत शरीर स्वतःच रक्ताची गोठण्याची क्षमता वाढवते. जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ही त्रयी आजही वैद्यकाच्या वर्गात शिकवली जाते. गुठळी पायातच राहिली तर पाय सुजतो आणि दुखतो, पण ती सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली तर जिवावर बेतते.

टाके काढले म्हणजे हा धोका संपला असे नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो कित्येक आठवडे टिकतो आणि बऱ्याच गुठळ्या रुग्ण घरी गेल्यावर होतात, म्हणूनच प्रतिबंधक औषध किमान १० ते १४ दिवस आणि खुब्याच्या बाबतीत अनेकदा ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवण्याची पद्धत आहे. काही डॉक्टर थोड्या दिवसांनी इंजेक्शन थांबवून रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन किंवा ॲस्पिरिनची गोळी सुरू करतात. असा बदल सांगितला असेल तर शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला आणि पहिली गोळी कोणत्या वेळी, हे कागदावर लिहून घ्यावे, कारण दोन्ही औषधे एकाच वेळी चालू राहिली तर रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो आणि दोन्ही बंद राहिली तर गुठळीचा.

एनॉक्सापॅरिन तयार झालेली गुठळी विरघळवत नाही. रक्त गोठण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा अडवून ते नवी गुठळी होऊ देत नाही. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळणाऱ्या हेपॅरिनपासून बनवतात. ज्यांना धर्मामुळे किंवा आहाराच्या नियमामुळे याची अडचण वाटते त्यांनी संकोच न करता शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे. फोंडापॅरिनक्ससारखे पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेले इंजेक्शन आणि गोळ्यांचे पर्याय उपलब्ध आहेत. घरी आल्यावर गुपचूप औषध टाळणे हा मात्र पर्याय नव्हे.

घरी येण्याआधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंड अशक्त असेल तर ते शरीरात साचत जाते. येथे एक फसवी गोष्ट आहे. रक्ताच्या अहवालातला क्रिएटिनिनचा आकडा जवळपास ठीक दिसला तरी वयस्कर आणि बारीक अंगकाठीच्या व्यक्तीत मूत्रपिंडाची प्रत्यक्ष क्षमता बरीच कमी असू शकते. ८० वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १.२ आले तर नातेवाईक निश्चिंत होतात, पण वय आणि वजन धरून प्रचलित सूत्राने हिशेब केला की गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २५ मिलिलिटर निघते, आणि ती ३० च्या खाली असेल तेव्हा एनॉक्सापॅरिनची मात्रा कमी करावी लागते. म्हणून रुग्णाचे खरे, नुकतेच केलेले वजन डॉक्टरांना सांगावे. कमी वजन हे स्वतःदेखील रक्तस्रावाचा धोका वाढवणारे कारण आहे.

पूर्वी पोटात अल्सर होऊन रक्तस्राव झाला असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल, प्लेटलेट कमी असतील, यकृताचा आजार असेल, किंवा आधी कधी हेपॅरिन दिल्यावर प्लेटलेट घसरल्या होत्या असे सांगितले गेले असेल, तर ते न विचारताही सांगावे. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते चालू ठेवायचे की थांबवायचे, हा निर्णय डॉक्टरांचाच असावा. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने या गोळ्या स्वतःहून बंद करणे फार धोक्याचे असते.

दुकानातून औषध घेताना

प्रतिबंधासाठीची नेहमीची सिरिंज ४० मिलिग्रॅमची असते आणि तिच्यात ०.४ मिलिलिटर औषध असते. काही खोक्यांवर हाच आकडा ४००० आंतरराष्ट्रीय युनिट असा छापलेला असतो. दोन्हींचा अर्थ एकच. पण डाल्टेपॅरिनसारख्या याच गटातल्या दुसऱ्या औषधाचे युनिट एनॉक्सापॅरिनच्या युनिटांशी जुळत नाहीत आणि फोंडापॅरिनक्सची मात्रा तर २.५ मिलिग्रॅम इतकी लहान असते. त्यामुळे ‘हे संपले आहे, त्याऐवजी हे चालेल’ असे दुकानात कोणी म्हटले तर खोक्यावरचे मूळ औषधाचे नाव चिठ्ठीशी ताडून पाहावे आणि नाव वेगळे असेल तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नये. मूळ औषध एनॉक्सापॅरिनच असून केवळ कंपनी वेगळी असेल, तरीही एकदा कळवलेले बरे.

शेजाऱ्यांची किंवा नात्यातल्या कोणाची उरलेली सिरिंज वापरू नये. पायात प्रत्यक्ष गुठळी झालेल्या रुग्णाला हेच औषध वजनानुसार, साधारण किलोमागे १ मिलिग्रॅम आणि तेही दिवसातून दोनदा दिले जाते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १२० मिलिग्रॅम. प्रतिबंधाच्या ४० मिलिग्रॅमच्या ही तिप्पट मात्रा झाली.

औषध २५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवायचे असते आणि ते गोठू द्यायचे नसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घरातले तापमान ही मर्यादा सहज ओलांडते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सगळ्या सिरिंज एकदम आणून कपाटात ठेवण्यापेक्षा थोड्या थोड्या आणाव्यात, आणि फ्रीजमध्ये ठेवायचे की नाही ते खोक्यावरची सूचना पाहून ठरवावे. बर्फाच्या कप्प्यात तर कधीच ठेवू नयेत. सिरिंजमधले औषध स्वच्छ, रंगहीन किंवा फिकट पिवळसर असावे. गढूळ दिसले, कण दिसले किंवा सिरिंजला तडा असेल तर ती परत करावी.

प्रत्यक्ष टोचताना

रोज एकच वेळ ठेवावी. रुग्णालयात संध्याकाळी दिले जात असेल तर घरीही संध्याकाळचीच वेळ चालू ठेवणे सोयीचे. घरातल्या एकाच व्यक्तीने जबाबदारी घ्यावी, घरी जाण्याआधी सिस्टरांच्या देखरेखीखाली निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने इंजेक्शन देऊन पाहावे, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकोनात वेळ आणि ‘डावी’ किंवा ‘उजवी’ असे लिहावे. दोन मुले आळीपाळीने येऊन जाणाऱ्या घरात एकाच दिवशी दोनदा इंजेक्शन दिले जाण्याचा धोका या साध्या नोंदीने टळतो.

हात साबणाने धुवावेत. रुग्णाने पाठीमागे उशी घेऊन थोडे रेलून बसावे किंवा उताणे झोपावे, म्हणजे पोट सैल राहते. जागा निवडायची ती पोटाच्या पुढच्या भागात डावीकडे किंवा उजवीकडे, बेंबीपासून किमान ५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे दूर. जुना व्रण, टाक्यांची जागा, निळा डाग किंवा घट्ट गाठ टाळावी आणि बाजू रोज बदलावी. स्पिरिटच्या कापसाने त्वचा पुसून ती वाऱ्यावर कोरडी होऊ द्यावी. ओल्या स्पिरिटवर टोचले तर चुरचुरते.

टोपण सरळ ओढून काढावे, पिळू नये. आता सिरिंजमध्ये हवेचा लहान बुडबुडा दिसेल. इतर इंजेक्शनांची सवय असलेले लोक, कित्येकदा अनुभवी कंपाउंडरसुद्धा, तो बाहेर काढायला जातात. पूर्ण ४० मिलिग्रॅम द्यायचे असताना तसे करू नये, कारण बुडबुड्याबरोबर औषधही वाया जाते. त्वचेखाली गेलेली एवढीशी हवा अपाय करत नाही, उलट सिरिंजमधला शेवटचा थेंब आत ढकलायला तिचा उपयोगच होतो. सुईच्या टोकाला थेंब लोंबत असेल तर सुई खाली धरून सिरिंजला हलकी टिचकी मारून तो पाडावा, पुसू नये. डॉक्टरांनी पूर्ण सिरिंजपेक्षा कमी मात्रा सांगितली असेल तर मात्र खुणा छापलेली सिरिंज लागते. २० आणि ४० मिलिग्रॅमच्या सिरिंजवर अशा खुणा नसतात, म्हणून अंदाजाने अर्धे औषध देण्याचा प्रयत्न करू नये.

एका हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पोटाची त्वचा चिमटीत धरून जाडसर घडी करावी. दुसऱ्या हाताने सिरिंज पेन्सिलसारखी धरून सुई घडीत सरळ उभी, ९० अंशात, पूर्ण लांबीपर्यंत घालावी. सुई जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांब आणि अतिशय बारीक असते. ती त्वचेखालच्या चरबीत जाते, आतड्यापर्यंत पोहोचत नाही. बारीक माणसाच्या पोटावरही पुरेशी घडी धरली तर अडचण येत नाही. रक्त येते का ते पाहण्यासाठी दट्ट्या मागे ओढू नये. औषध संथपणे, मनात तीसपर्यंत आकडे मोजत आत सोडावे, आणि संपूर्ण औषध जाईपर्यंत त्वचेची घडी सोडू नये. घडी मध्येच सोडली की औषध भलत्या थरात जाते आणि डाग मोठा पडतो. मग सुई सरळ बाहेर काढून घडी सोडावी. बहुतेक सिरिंजांना संरक्षक कवच असते. सुई शरीरापासून आणि माणसांपासून दूर धरून दट्ट्या जोरात दाबला की कवच पुढे सरकून सुई झाकते.

यानंतर ती जागा चोळू नये. इंजेक्शननंतर चोळण्याची आपल्याकडची सवय इतकी पक्की आहे की नकळत हात जातोच. रक्ताचा थेंब आला तर कापूस हलकेच दाबून धरावा, एवढे पुरे. नाण्याएवढा निळसर डाग किंवा थोडी कठीण जागा अनेकांना होते आणि काही दिवसांत विरते. डाग पसरत चालला, टणक गाठ वाढू लागली, त्वचा काळी पडली किंवा फोड आले, तर पुढचे इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

वेळ चुकली आणि त्याच दिवशी आठवण झाली तर लगेच इंजेक्शन द्यावे आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीची वेळ धरावी. दुसरा दिवस उजाडल्यावर लक्षात आले तर राहिलेले इंजेक्शन भरून काढण्यासाठी दोन एकदम देऊ नयेत. चुकून दोनदा दिले गेले असेल तर रक्तस्रावाची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा.

सोबतची औषधे

शस्त्रक्रियेनंतर दुखते, आणि दुखण्यासाठी घरात पडलेल्या पट्ट्यांमध्ये आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक असतेच. ही औषधे पोटाच्या अस्तराला इजा करतात आणि प्लेटलेटचे कामही मंदावतात; एनॉक्सापॅरिनच्या जोडीला ती घेतली की पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच दोन्ही औषधे जाणीवपूर्वक, पोट सांभाळणाऱ्या गोळीसह लिहून दिली असतील तर गोष्ट वेगळी, पण त्यांना न विचारता स्वतः भर घालू नये. दुखणे सहन होत नसेल तर पॅरासिटामॉलची ठरवून दिलेली मात्रा वेळच्या वेळी घ्यावी आणि तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना सांगावे. सर्दीच्या व अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत ही वेदनाशामके मिसळलेली असतात, म्हणून पट्टीवरचे घटक वाचण्याची तसदी घ्यावी.

याहून अधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्नायूत दिले जाणारे इंजेक्शन. ताप आला, पाठ धरली की जवळच्या दवाखान्यात कमरेवर इंजेक्शन घेण्याची रीत गावोगाव आहे. एनॉक्सापॅरिन चालू असताना स्नायूत सुई खोल गेली तर आतल्या आत रक्त साचून मोठी वेदनादायक गाठ होऊ शकते. धनुर्वाताच्या इंजेक्शनालाही हेच लागू आहे. कोणत्याही दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा, बसल्याबरोबर ‘रक्त पातळ करणारे इंजेक्शन चालू आहे’ हे पहिले वाक्य असावे.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत डेंग्यूची साथ असते. या काळात ताप आला तर तो अंगावर काढू नये. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि अशा वेळी रक्त पातळ करणारे औषध चालू ठेवायचे की नाही, हा निर्णय रक्ततपासणी पाहून त्याच दिवशी व्हायला हवा.

जेवणाबाबत मात्र निष्कारण पथ्य पाळले जाते. पालक, मेथी, कोथिंबीर जपून खाण्याचा नियम वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसाठी आहे, एनॉक्सापॅरिनसाठी नाही. त्याचप्रमाणे या इंजेक्शनासाठी पीटी-आयएनआर ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी वारंवार करावी लागत नाही. स्वयंपाकातली हळद आणि लसूणही चालते. कॅप्सूलमधले त्यांचे अर्क, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि जिंको यांसारखी पूरके मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ज्या तपासणीची खरी गरज असते ती प्लेटलेटची. हेपॅरिनच्या गटातल्या औषधांमुळे क्वचित, साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान, प्लेटलेट एकदम निम्म्यावर येतात आणि विचित्र म्हणजे त्यातून रक्तस्रावाऐवजी नव्या गुठळ्याच होतात. डॉक्टरांनी मधल्या काळात रक्त तपासायला सांगितले असेल तर ‘रुग्णाला नेणे अवघड आहे’ म्हणून ते टाळू नये. बहुतेक शहरांत रक्ताचा नमुना घरून नेण्याची सोय असते.

केव्हा थांबू नये

शौच डांबरासारखे काळे आणि चिकट होणे, लघवी लालसर होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडणे, नाकातले रक्त दहा मिनिटे दाबून धरूनही न थांबणे, शस्त्रक्रियेची जखम अचानक फुगणे किंवा सतत पाझरणे, आणि एकाएकी उठलेली तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे किंवा गुंगी या रक्तस्रावाच्या खुणा आहेत. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ठरवण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे. वयस्कर रुग्ण घसरून डोक्यावर पडला तर बाहेर टेंगूळही आले नसले तरी रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे खुब्या-गुडघ्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया पाठीत भूल देऊन होतात. त्यानंतर हे औषध चालू असताना पाठीत नव्याने तीव्र दुखू लागले, दोन्ही पाय बधिर किंवा लुळे वाटू लागले, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मणक्यात रक्त साचण्याची शक्यता असते. हे दुर्मीळ आहे, पण काही तासांचा उशीरही पाय कायमचे अधू करू शकतो.

इंजेक्शन चालू असूनही गुठळी होऊ शकते. एकाच पोटरीची वाढती सूज, दुखणे, गरमपणा दिसला तर तेल लावून मालिश करू नये; पाय तसाच ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येऊन कोसळणे, असे काही झाले तर महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. रुग्णालयात पोहोचताच शेवटचे इंजेक्शन किती वाजता दिले ते सांगावे: या मात्रेचा परिणाम साधारण १२ तास राहतो आणि प्रोटॅमिन हा त्यावरचा उतारा अर्धवटच काम करतो, त्यामुळे डॉक्टरांचा पुढचा निर्णय त्या वेळेवर अवलंबून असतो. दिनदर्शिकेतल्या नोंदीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलेला असेल तर अशा गडबडीत तो उपयोगी पडतो.

वापरलेल्या सिरिंज

सुईला टोपण पुन्हा घालू नये. बोटाला टोचण्याचे प्रसंग त्यातूनच घडतात. वापरलेली सिरिंज लगेच जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात टाकावी. पातळ पाण्याची बाटली चालत नाही, सुई तिच्यातून आरपार जाते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या सुया आणि सिरिंज ‘घरगुती घातक कचरा’ या वर्गात धरल्या होत्या. त्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत. त्या कचऱ्यात हात घालून तो वेगळा करणारी माणसे असतात. डबा तीन-चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘वापरलेल्या सुया’ असे लिहावे आणि तपासणीला जाताना रुग्णालयात द्यावा, किंवा नगरपालिकेची वेगळी सोय असेल तिथे सोपवावा. न वापरलेल्या सिरिंज उरल्या तर बिल आणि खोक्यासह दुकानदाराला परत घेण्याविषयी विचारावे. त्याने घेतल्या नाहीत तर त्याही याच डब्यातून रुग्णालयात पोहोचवाव्यात.